रानातल्या माणसांची चूल

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट रचत जायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात त्या रात्री आमची मंडळी पहिल्यांदाच नदी ओलांडून जुन्या रानात शिरली होती. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि वाटेत भेटणाऱ्यांच्या तोंडून बोलणारा, मी असल्यामुळे रान उभं करायचं काम माझ्याकडे होतं: गुडघ्याएवढा पाचोळा, झाडांच्या बुंध्यांवर चढलेलं शेवाळ, पानांआडून रोखलेले बाण. मग रानाची राखण करणाऱ्यांची म्होरकी पुढे आली आणि तिने सुनावलं, ‘या रानातलं एकही झाड आम्ही तोडत नाही, कुणाला तोडू देत नाही.’ टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. रेंजर, म्हणजे रानातला वाटाड्या, खेळणाऱ्या मित्राने तर हातही जोडले. तेवढ्यात मित्राच्या मुलीने, जी नुकतीच आमच्यात खेळायला लागली आहे, विचारलं, ‘मग आजी, तुम्ही स्वयंपाक कशावर करता?’ तिचं कॅरेक्टर आचाऱ्याचं आहे. अनोळखी मुलखात गेली की ती आधी चूल कुठे आहे ते बघते. प्रश्न तिने मनापासून विचारला होता आणि उत्तराची वाट बघत ती माझ्याकडे, म्हणजे त्या म्हातारीकडे, पाहत राहिली. ‘उद्या सकाळी दाखवते’ असं म्हातारी म्हणाली, रात्रही बरीच झाली होती, सेशन तिथेच थांबलं.

मला मात्र झोप लागेना. घोडा, तलवार, मंत्र, राजवाड्यातली कारस्थानं यांबद्दल मी वर्षानुवर्षं विचार करत आलो आहे, पण रानात राहणारी ही माणसं सकाळी उठून काय करतात, त्यांच्या लहान मुलांना ताप आला की पाणी कशावर गरम करतात, याचा विचार करायला मला कुणी लावलंच नव्हतं. या खेळांमध्ये रानातली माणसं भेटतात ती नेहमी रानाच्या तोंडाशी. बाण रोखून. त्यांच्या घरात जायची वेळ येत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्रुइड, म्हणजे निसर्गाची शक्ती वापरणारा रानातला पुजारी, आला तोच मुळी असा: 1975 साली तो वाटेत भेटणारा परका म्हणून खेळात दाखल झाला, आणि खेळाडूला स्वतः ड्रुइड होता येऊ लागलं ते 1976 मध्ये. वर्षभराचंच अंतर, पण मला ते फार मोठं वाटतं. परक्याला नुसते बाण असले तरी भागतं. त्याच्या जागी आपण जाऊन बसलो की लगेच चूल लागते, अंथरूण लागतं, रुसवेफुगवे लागतात.

पुढे ड्रुइडांना श्रद्धा मिळाली ती समतोलाची. जुन्या नियमांत ड्रुइडाला पूर्ण तटस्थच राहावं लागे. चांगलं-वाईट, शिस्त-बेशिस्त या सगळ्यांच्या मधोमध. नंतरच्या काळात आलेल्या ‘एमराल्ड एन्क्लेव्ह’ या गटाचंही असंच आहे: रान आणि वस्ती यांच्यात निसर्गाचा क्रम राखायचा. हा गट मला आवडतो. त्यांच्या मानाच्या पायऱ्यांना ऋतूंची नावं आहेत, वसंतापासून शिशिरापर्यंत, त्यात कुणीतरी जीव ओतलेला दिसतो. पण समतोल या गोष्टीवर माणूस जेवत नाही. समतोलासाठी कुणी नवस बोलत नाही, समतोल मोडला म्हणून कुणी रात्रभर रडत नाही. ज्या श्रद्धेमुळे संध्याकाळच्या जेवणात काहीच फरक पडत नाही ती श्रद्धा पाटीवर लिहिलेल्या सुविचारासारखी असते, आणि आमच्या रानातल्या माणसांची श्रद्धा अशी असलेली मला चालणार नव्हती.

फरक पडावा म्हणजे कसा, याचं एक फार चांगलं उदाहरण ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेमच्या जगात आहे. तिथल्या व्हॅलनवूड नावाच्या रानात बॉस्मर नावाचे वनवासी एल्फ राहतात आणि त्यांचा रानाशी करार आहे, ग्रीन पॅक्ट. आपल्या रानातल्या झाडाझुडपाला आपल्या फायद्यासाठी इजा करायची नाही. इथवर नेहमीचंच. पण ज्याने कुणी हे लिहिलं तो इथे थांबला नाही. भाजी नाही, धान्य नाही, फळ तोडायचं नाही, मग खायचं काय? मांस. फक्त मांस. आणि लढाईत मारलेला शत्रूसुद्धा वाया घालवायचा नाही, तीन दिवसांच्या आत खाऊन संपवायचा. बाहेरच्या मुलखातून आलेलं लाकूड मात्र चालतं, कारण करार आपल्या रानाशी आहे, जगातल्या सगळ्या झाडांशी नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पानाफुलांवर माया करणारी गोड माणसं एका वाक्यात भयंकर होतात, आणि तरीही त्यांचं म्हणणं पटत राहतं. लढाईला निघण्यापूर्वी बॉस्मराला आधी विचार करावा लागणार, एवढे मारले तर एवढे खाणार कोण?

चुलीच्या प्रश्नावर विचार करताना मला सारखी आठवत होती ती मामी.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. गावाची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, वाडीच्या वरच्या अंगाला, ओहोळाच्या उगमाशी. चैत्रात खाली घामाच्या धारा लागलेल्या असत आणि राहाटीत पाय ठेवला की मानेवरून कुणीतरी ओला पंचा फिरवावा तसं वाटे. चपला बाहेर. पायाखाली पाचोळ्याचा इतका जाड थर की टाच आत जाई, आणि त्यातून येणारा तो वास, कुजल्याचा पण घाण नसलेला, थोडा गोडसर. मांडीएवढी जाड गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, तिच्या हातभर लांब शेंगा लोंबत असत. भेर्ली माडाचे घोस. वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा फडफडाट, दिसायचा क्वचितच. आम्हा पोरांना तिथे खेळायला बंदी होती असं नाही, पण तिथे आवाज आपोआप खाली यायचा. एकदा मामीबरोबर सरपणाला गेलो होतो. परत येताना डोक्यावर मोळी, आणि राहाटीच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर एक वाळलेली फांदी आडवी पडलेली. हिरवी नव्हती, कुणी तोडलेली नव्हती, चुलीत घातली असती तर दोन वेळचा भात झाला असता. मामीने एका हाताने मोळी सावरली, खाली बसून ती फांदी उचलली आणि राहाटीच्या आत टाकून दिली. मी विचारलं, घेतली का नाहीस? ‘देवाची हाय ती,’ एवढंच म्हणाली आणि चालू लागली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती आणि भक्तीही फारशी नव्हती. शेजाऱ्याची कोंबडी आपल्या अंगणात आली तर हाकलून परत पाठवावी, तेवढा साधा सूर होता तो.

त्याच राहाटीत पुढे एका पावसाळ्यात बेहड्याचं मोठं झाड पडलं. देवळाचं छप्पर तेव्हा गळत होतं. लाकूड दारात, गरज देवाचीच. तरीही कुणी कुऱ्हाड उचलली नाही. मानकरी जमले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं, आणि देवाला कळे लावून कौल मागितला. उजवा पडला तर लाकूड देवळाला घ्यायचं, डावा पडला तर नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. कौल डावा पडला. वासे विकत आणले गेले आणि बेहडा होता तिथेच राहिला. पुढची कित्येक वर्षं सुट्टीत गेलो की मी तो बघायला जायचो. आधी त्याच्यावर अळंब्या आल्या, मग साल सुटली, मग त्याच्या पाठीवर दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाची रोपं उभी राहिली.

सह्याद्रीतल्या अशा देवराया वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात हिंडून नोंदवल्या, त्यांचं मोल अभ्यासकांपुढे मांडलं. त्या लिखाणातून मला एक गोष्ट नीट कळली, ती म्हणजे राई आणि तिच्याभोवतीचं गाव यांचं नातं नुसतं हात न लावण्याचं नाही. औषध लागलं तर पाला मिळतो, ओहोळाचं पाणी तर सगळं गावच पितं. काय घ्यायचं, किती, कुणाला विचारून आणि कुठल्या वेळी, याच्या वहिवाटी असतात. रानात राहणाऱ्यांची ओळख मी आजवर ते काय वाचवतात यावरून लिहायला बघत होतो. ती खरी त्यांच्या घेण्याच्या रीतीत असते.

पुढच्या सेशनला मी फासे काढलेच नाहीत. सगळ्यांपुढे कोरे कागद ठेवले आणि म्हटलं, म्हातारीला सकाळी काहीतरी दाखवायचं आहे, काय दाखवायचं ते आपण मिळून ठरवू. त्या रात्री जे झालं ते या खेळातल्या माझ्या सगळ्यांत आनंदाच्या आठवणींपैकी एक आहे. आचारी खेळणारी मुलगीच म्हणाली, नदी. पुरात वरून जे लाकूड वाहून येतं ते कुणाचंच नसतं, ते जाळायचं. बस्स, तिथून पुढे धागा सुटतच गेला. लाकूड पुरातच येणार, म्हणजे वर्षाचं सरपण पावसाळ्यातल्या थोड्याशा दिवसांत अडवून, ओढून, वाळवून ठेवायचं. म्हणजे यांचा सण पुराचा. जिथे इतर गावं पुराला घाबरतात तिथे ही माणसं दोर आणि आकड्या घेऊन काठावर उभी. लाकूड कमी, म्हणून घरोघरी चूल परवडणार नाही. अख्ख्या पाड्याची एकच चूल, सगळ्यांचं जेवण एकत्र. एकत्र जेवण, म्हणून भांडणंही तिथेच आणि निवाडाही तिथेच. दुष्काळाच्या वर्षी नदीला पूर नाही, चूल थंड, त्या वर्षी जन्मलेली मुलं कच्चं खाऊन वाढलेली, आणि म्हातारपणीही ती एकमेकांना ‘थंड्या सालचा’ म्हणून ओळखतात. हे सगळं एका सरपणाच्या प्रश्नातून निघालं.

आणि मग मला युद्धही मिळालं. खालच्या शहराने नदीच्या वरच्या वळणावर पूल बांधला आहे, हे आमच्या नकाशात आधीपासून होतं. त्या पुलाच्या खांबांना लाकूड अडतं. शहरवाले ते काढून जाळतात, त्यांना ते फुकटचं वाटतं. रानातल्या माणसांना शहराचा राग का, याला आता निसर्गाच्या समतोलाचं कारण लागत नाही. त्यांची चूल कुणीतरी नकळत विझवत आहे.

शहराचा नुसता द्वेष करणंही त्यांना शक्य नाही, कारण मीठ. रानात मीठ पिकत नाही. विळा-कोयत्याचं लोखंडही बाहेरूनच. (2014 च्या नियमांप्रमाणे ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाही, पण विळा चालतो. तो विळा घडवला कुणी, हे मला नेहमी विचारावंसं वाटायचं.) मध, हिरडा, चारोळी द्यायची आणि मीठ घ्यायचं, त्यासाठी दर महिन्याला रानाच्या कडेला बाजार. बाजाराला जाणारी माणसं ठरलेली, त्यांना शहरी बोली येते, आणि त्यामुळेच त्यांच्यावर घरात कुणाचा पूर्ण भरवसा नाही. माझ्या मित्राने ताबडतोब त्या मिठाच्या माणसांपैकी एक म्हणून नवीन कॅरेक्टर लिहायला घेतलं. रेंजर ठेवून दिला.

स्वतःला ही माणसं वाटेकरी म्हणवतात. त्यांच्या श्रद्धेचा गाभा आम्ही असा धरला की रान आईही नाही आणि देवही नाही, ते वाटणीतला थोरला भाऊ आहे. पहिला वाटा त्याचा. पोळ्यातला काही भाग मधमाशांसाठी सोडून यायचं, फळाचा पहिला बहर झाडाखालीच पडू द्यायचा, मेलेलं माणूस मातीत द्यायचं आणि त्यावर दगड ठेवायचा नाही, कारण तोही थोरल्याचाच वाटा. थोरल्या भावावर माणूस चिडतोही. तो फार घेतो असं वाटतं, म्हातारी माणसं त्याच्या नावाने पुटपुटतात. आईवर किंवा देवावर असं चिडता येत नाही आणि मला हे चिडणं हवं होतं. एन्क्लेव्हच्या ऋतूंच्या पायऱ्या माझ्या मनात होत्याच. त्यांच्या जागी आम्ही पावसाची नक्षत्रं घेतली. नव्याने पुरात उतरणारा तो मृग, पूर अंगावर घेतलेला आर्द्रा, सगळ्यांत वरचा मान स्वातीचा, उशिरा येणाऱ्या आणि थोडक्याच पडणाऱ्या पावसाचा. टेबलावरच्या प्रत्येकाला त्या नावांतून कुणाला किती मान आहे ते न सांगता कळलं.

म्होरक्या कसा निवडायचा यावर मात्र खूप वेळ गेला. जुन्या नियमांत ड्रुइडांच्या वरच्या पायऱ्यांवर जागा मोजक्याच असत, नऊ ड्रुइड, त्यांच्यावर तीन आर्चड्रुइड, सगळ्यांवर एक ग्रेट ड्रुइड, आणि वर जायचं तर वरच्याला द्वंद्वात हरवावं लागे. एकाने तेच सुचवलं. मला तेव्हा मेंढा (लेखा) आठवलं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड वस्तीचं गाव, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा बोलायचा. हे ऐकायला संथ वाटतं. पण आम्ही खेळून बघितलं. एका साध्या निर्णयासाठी, मिठाचा भाव वाढला तर मध जास्त काढायचा का, वाटेकऱ्यांची सभा बसवली आणि एकाच कॅरेक्टरने नकार धरून ठेवला. ड्रॅगनशी लढतानाही आमच्या टेबलावर एवढा ताण मी पाहिलेला नाही. द्वंद्वात हरलेला बाजूला होतो आणि गोष्ट पुढे जाते. सभेत हरवायला कुणी नसतं. समोरच्याचं ऐकूनच पुढे जावं लागतं, आणि खेळाडूंना कॅरेक्टरच्या तोंडून खरोखर विचार करावा लागतो.

मेंढ्याचं नाव मी टेबलावर घेतलं खरं, पण त्यात एक अवघडलेपणही होतं आणि ते अजून गेलेलं नाही. ती खरी माणसं आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं कागद, मोर्चे आणि सभा यांतून जे मिळवलं ते मी शनिवारच्या करमणुकीसाठी उचलावं का? माझ्यापुरती मी एक रेघ आखली आहे. माणसांनी काय अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे शिकायला हरकत नाही. पण ज्या देवासाठी आजही कुणी उपास धरतं, वाघबारशीला ज्याच्यापुढे नारळ फुटतो, त्या वाघोबाला हिट पॉइंट, म्हणजे मारता येण्यासारखा मोजका जीव, देऊन मी टेबलावर आणणार नाही. कुणाच्या श्रद्धेवर फासा टाकायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं.

दुसरं अवघडलेपण उलट बाजूचं. आजोळच्या राहाटीबद्दल मी एवढ्या मायेने लिहिलं, पण मामी ती फांदी आत टाकू शकत होती, गाऱ्हाण्याला मात्र मानकऱ्यांच्या ओळीत उभी राहू शकत नव्हती. कित्येक रायांमध्ये बायकांना आत जायला बंदी आहे, आणि मान कुणाच्या घराण्याचा यावरून गावं वर्षानुवर्षं कोर्टात आहेत. राखणं आणि वगळणं तिथे एकाच दोरीत वळलेलं आहे. म्हणून वाटेकऱ्यांना निर्मळ ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलं. खेळांतली रानातली माणसं फार लवकर साधुसंत होतात, आणि खऱ्या रानातल्या माणसांकडेही आपण तसंच बघतो: भोळी, निष्पाप, झाडांना मिठी मारणारी. मग त्यांनी सायकल मागितली की आपला विरस होतो. आमच्या वाटेकऱ्यांत मिठाच्या माणसांना चुलीजवळची जागा मिळत नाही, ती बाहेरच्या कडेला बसतात, आणि याला कुणाकडेच चांगलं कारण नाही. ‘पहिल्यापासून असंच आहे,’ एवढंच म्हातारी सांगते. माझ्या मित्राच्या नव्या कॅरेक्टरने हे कारण अजून स्वीकारलेलं नाही.

सध्या गोष्ट इथवर आली आहे. दोन सालं पूर आलेला नाही. पुलाशी अडलेलं लाकूड शहराने नेलं. पाड्याची चूल दिवसातून एकदाच पेटते. अशात वादळाने रानातलं सगळ्यांत जुनं झाड पाडलं आहे आणि तरुण पोरांनी त्याच्या फांद्या जाळून मिठाच्या माणसांबरोबर दुसरी चूल मांडली आहे. एका घरात दोन चुली झाल्या. म्हातारीने झाडाबद्दल रानाचा कौल घ्यायचं ठरवलं. ‘फासा टाकायचा ना?’ असं सगळ्यांनीच विचारलं, वीस बाजूंचा फासा कुणीतरी हातातही घेतला. मी नाही म्हटलं. कौलात खरं वजन असतं ते गाऱ्हाण्यातल्या शब्दांना. देव होय किंवा नाही एवढंच म्हणतो, विचारायचं काय ते माणसांनाच ठरवावं लागतं. म्हणून उत्तर मी देईन, प्रश्न तुम्ही आणा.

तीन प्रश्न आले. ‘पडलेलं झाड अजून तुझं आहे का?’ हा म्हातारीच्या बाजूच्यांचा. ‘पोरांसाठी एवढं एक झाड देशील का?’ हा मधल्यांचा. ‘तू आजवर तुझा वाटा घेतलास, आता आमचा कुठे आहे?’ हा दुसऱ्या चुलीवरच्यांचा, आणि तो विचारताना मित्राचा आवाज खरोखर चढला होता. यातला कुठलाही एक मांडला की वाटेकरी पुढे कायमचे तसेच होणार, हे टेबलावर प्रत्येकाला कळतं आहे. सर्वसहमतीचा नियम आम्हीच घातलेला, त्यामुळे मत टाकून सुटकाही नाही. आचारी मुलीला तिघांपैकी एकही पटलेला नाही. तिचं म्हणणं, आधी दोन्ही चुलींवरची माणसं एका पंगतीत बसवा, मिठाच्या माणसांना आत घ्या, मगच रानाला काही विचारायला तोंड उरेल. म्हातारी याला तयार नाही. म्हातारीला बोलतं मी करतो, पण तिच्याकडून एवढ्या सहज होकार काढून घेणं मलाही बरोबर वाटत नाही.